वहीला वळण कोणी लावायचं?

"उघडल्या उघडल्या हे मलाच काय विचारतंय?" मामांनी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर आमच्या नोंदवहीचं पहिलं पान होतं : साचा निवडा, विभाग ठरवा, रंग निवडा, खुणा जोडा. "मला सकाळी मारलेलं औषध लिहायचंय. रंग कुठला पायजे ते मी का सांगू?"

"वही तुमची आहे म्हणून. तुमच्या मनासारखी दिसायला नको?"

"लिहू तर दे आधी. मनासारखी हाय का न्हाई ते लिहिल्यावर कळंल."

माढ्याच्या शिवारात मामांची द्राक्षबाग आहे. मी पुण्यात काही सहकाऱ्यांबरोबर नोंदी ठेवण्याचं सॉफ्टवेअर बनवते. कोणत्याही दोन माणसांच्या नोंदी सारख्या नसतात, तेव्हा ज्याला त्याला आपली वही हवी तशी घडवता आली पाहिजे, हे आमचं धोरण. मामांचं म्हणणं असं की नव्या माणसापुढे पहिल्याच दिवशी एवढ्या निवडी मांडणं म्हणजे बनवणाऱ्यानं आपलं काम वापरणाऱ्याच्या गळ्यात घालणं. ऑक्टोबर छाटणी नुकतीच उरकली होती, बागेत कामाची घाई होती, तरी मामांनी हा वाद सोडला नाही. मीही सोडला नाही. त्यातलं जे लिहून ठेवण्यासारखं वाटलं ते इथे देते आहे.

"मामा, तुमच्या वह्या आणा," मी म्हणाले. माझी बाजू त्या वह्यांतच सापडेल याची मला खात्री होती.

दुकानात मिळतात तशाच त्या जाड पुठ्ठ्याच्या वह्या. पण पानाच्या कोपऱ्यात जिथे 'दिनांक' छापलेलं आहे तिथे तारीख नाही, नुसता आकडा आहे : ४, ११, १२, १९. तो छाटणीनंतरचा दिवस. एका प्लॉटची छाटणी आधी होते, दुसऱ्याची मागून. त्यामुळे अमुक तारखेला फवारलं एवढ्यानं बागायतदाराला काहीच कळत नाही. पोंगा कधी फुटला, घड कधी दिसले, फुलोरा कधी आला, मण्यांत पाणी कधी उतरलं, हे सगळं छाटणीपासूनच्या दिवसांत मोजलं जातं. काही नोंदींपुढे लाल गोल आहे : फवारून झालं आणि पाऊस आला, औषध धुऊन गेलं. डाऊनी रोगाला एक खूण, भुरी रोगाला दुसरी. मजुरांच्या उचलीचा हिशेब त्याच वहीत, पण मागल्या पानापासून उलटा सुरू झालेला.

"आमचं सॉफ्टवेअर रोज वापरणारेसुद्धा एवढे बदल करत नाहीत," मी म्हणाले. "छापलेला दिनांक तुम्ही मोडीत काढला, स्वतःच्या खुणा ठरवल्या, एका वहीच्या दोन वह्या केल्या. वही वाकली म्हणून तुमच्या उपयोगाची झाली. मग फोनवरची वही वाकवायची सोय दिली तर ओझं कसं?"

"केले की बदल. पण कधी केले ते बघ." त्यांनी सगळ्यात जुनी वही उघडली. तिच्यात कोपऱ्याकोपऱ्यात तारखाच होत्या, शाळेतल्या मुलासारख्या नीट. "पहिल्या हंगामात तारखा. दुसऱ्यातबी तारखा. मग एका साली मागचं बघाय गेलो तर मेळच बसंना, छाटणी पंधरा दिवस पुढं गेलेली. तवा खोडलं. पहिल्या दिवशी वहीनं मला विचारलं असतं, बाबा तारीख लिहिणार का छाटणीचा दिवस, तर मी तारीखच म्हणलो असतो. चुकीचंच सांगितलं असतं."

हा मुद्दा वजनदार आहे, आणि तो केवळ मामांचा नाही. सॉफ्टवेअरचं पहिलं पान ज्याला प्रश्न विचारतं त्या माणसाला आपल्या नोंदींबद्दल त्या क्षणी सगळ्यात कमी माहिती असते. काय लिहायचं हेच अजून ठरलेलं नसतं, तर ते कुठल्या विभागात ठेवायचं हे तो काय सांगणार? घाबरून तो काहीतरी निवडतो आणि ते अंगाला बसलं नाही की दोष स्वतःला देतो : आपल्याला हे जमत नाही.

मामांच्या वह्या कधी सुरू झाल्या, हेही सांगायला हवं, कारण गरज आधी आली आणि वही मागून. "माझे वडील ज्वारी करायचे. मालदांडी. पेरली, राखली, काढली. त्यात लिहायचं काय? उसनवारी तेवढी भिंतीवर." उजनी हे गाव माढा तालुक्यातच आहे, तिथलं भीमेवरचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि कालव्याचं पाणी जसजसं शिवारात फिरलं तसतसा ऊस आला, मग द्राक्ष, डाळिंब, केळी. ज्वारीचं पीक शेतकऱ्याकडे वर्षातून थोडेच निर्णय मागतं. द्राक्षाची बाग रोज मागते, आणि आजचा निर्णय गेल्या वर्षी याच अवस्थेत काय केलं होतं यावर ठरतो. आठवणीला ते पेलत नाही.

"ठीक," मी म्हणाले. "पहिलं पान कोरं ठेवू. पण मग पुढच्या सोयी दडवून ठेवायच्या का? माणूस शिकला, पुढे गेला, त्याला जास्त हवं झालं, तर?"

मी त्यांना हायपरकार्डची गोष्ट सांगितली. १९८७ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशवर आलेलं, बिल ॲटकिन्सन यांनी घडवलेलं हे सॉफ्टवेअर. पत्त्यांसारखी पानं, त्यावर मजकूर, चित्रं, बटणं. वापरणाऱ्याला त्यात पाच पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर फक्त पाहायचं. दुसरीवर मजकूर लिहायचा, तिसरीवर चित्र काढायचं, चौथीवर नवी पानं नि बटणं रचायची आणि पाचवीवर त्या बटणांनी काय करावं हे स्वतः लिहायचं. पायरी चढली की तेवढे मेनू उघडायचे. शिक्षकांनी, डॉक्टरांनी, ज्यांनी कधी प्रोग्राम लिहिला नव्हता अशांनी त्यात आपापल्या कामाची साधनं बनवली. मला ती रचना अजूनही फार आवडते.

मामांनी ऐकून घेतलं. "पायरी कुणी चढायची ठरवायचं?"

"ज्यानं त्यानं."

"मग दुसऱ्या पायरीवर बसलेल्याला चौथीवर काय हाय ते कळायचं कसं? मला छाटणीचा दिवस मोजून देणारी सोय तुझ्याकडं असंल. पण ती हाय हेच ठाऊक न्हाई तर मी पायरी चढू कशाला?"

यावर सॉफ्टवेअरच्या जगानं बरीच डोकेफोड केली आहे. १९८४ मध्ये जॉन कॅरल आणि कॅरोलाइन कॅरिदर्स या आयबीएममधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लेखनाचं सॉफ्टवेअर शिकणाऱ्या नवख्यांना त्यांनी अवघड आज्ञा पडद्यावर दिसू दिल्या, पण दाबल्यावर त्या सध्या बंद आहेत एवढाच निरोप यायचा. काय काय आहे हे माणसाला दिसत राही, पण भलतीकडे जाऊन तो अडकत नसे. असे नवखे कामाला लवकर लागले आणि मागून घेतलेल्या चाचणीतही त्यांची समज बरी ठरली. उलट उदाहरण मायक्रोसॉफ्टचं. ऑफिस २००० मध्ये मेनूतल्या कमी वापरातल्या ओळी आपोआप दडायच्या आणि नेहमीच्या तेवढ्या दिसायच्या. हेतू साधेपणाचाच. पण काल जिथे होतं तिथे आज नाही, अशी अवस्था झाली. लोक ती सोय शोधून शोधून बंद करायचे. २००७ मध्ये कंपनीनं मेनूची ती पद्धतच मोडून नवी मांडणी आणली.

"बरोबरच हाय," मामा म्हणाले. "माझ्या औषधाच्या खोलीत कुणी डबे हलवले तर मी त्याला उभा करीन का? अंधारातबी हात जातो तिथंच डबा पायजे."

इथवर आमच्यात अंतर कमी होत होतं. पहिलं पान कोरं असावं, सोयी दिसाव्यात पण वाटेत येऊ नयेत, आणि यंत्रानं आपण होऊन मांडणी बदलू नये. एवढ्यावर वाद मिटला असता तर लिहिण्यासारखं काही उरलं नसतं. मामांच्या मनात दुसरंच काही होतं.

"तू सारखं ज्यानं त्यानं म्हणतीयास. ज्यानं त्यानं कोण करतंय? ही आखणी मीबी कुणाची तरी बघून केली. छाटणीचा दिवस लिहायचं डोकं माझं, पण मजुरांचं मागल्या पानाकडनं लिहायचं हे मोडनिंबच्या एका बागायतदाराचं बघितलं. आता आमच्या वस्तीवरच्या पोरांनी माझी वही उतरून घेतली. त्यांनी काय निवडलं? काय न्हाई. तयार घेतली."

मला एकदम वेंडी मकाय यांचा अभ्यास आठवला. एमआयटीमध्ये लोक आपल्या संगणकाची मांडणी कशी बदलतात हे त्यांनी पाहिलं आणि १९९० मध्ये मांडलं. बदल करण्याची मुभा सगळ्यांना होती, पण बहुतेक जण स्वतः बसून काही करत नसत. शेजाऱ्याची मांडणी उचलत. यातही एक बारकावा होता. तांत्रिक करामतींत रमणारे जे होते त्यांच्या मांडण्या इतरांना फारशा उपयोगी पडत नसत. खरा उपयोग होई तो अशा थोड्या माणसांचा, ज्यांना यंत्रात फार रस नव्हता, पण आपल्या सहकाऱ्यांचं काम कुठे अडतंय हे ज्यांना कळत होतं.

मामा त्या दुसऱ्या जातीचे आहेत. आणि आमचं सॉफ्टवेअर पहिल्या जातीच्या माणसांनी पहिल्या जातीच्या माणसांसाठी बनवलेलं आहे, असं मला बागेच्या बांधावर स्पष्ट दिसलं. नोंदवह्यांचं हे सगळं क्षेत्रच तसं आहे. ऑब्सिडियनमध्ये कितीतरी जोडण्या आहेत. नोशनमध्ये माणूस कोऱ्या पानापासून अख्ख्या कार्यालयाचं दफ्तर उभं करू शकतो. दोन्ही उत्तम. पण बदल करण्याची प्रत्येक सोय एकट्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते : तो, त्याचा पडदा, त्याच्या आवडी. साचे तिथे उचलता येतात, नाही असं नाही, पण ते कुठल्या तरी अनोळखी माणसाचे. बांधापलीकडच्या, आपल्याच पिकातल्या, विचारल्यावर समोर बसून समजावणाऱ्या माणसाचा साचा हाती द्यायची वाट अरुंदच राहिली.

"आपल्या तालुक्यात हे एकानं करून दाखवलंय की," मामा म्हणाले. "परितेवाडीचे डिसले गुरुजी."

रणजितसिंह डिसले यांचं नाव २०२० च्या डिसेंबरात जगभर गेलं, ग्लोबल टीचर प्राइझमुळे; दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझ्या विषयाच्या दृष्टीनं मोलाचं काम त्याआधीचं. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले. फोन धरला की त्या धड्याची चित्रफीत, कवितेचं गायन, गोष्ट, स्वाध्याय. पुढे ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत गेली. आज ती इतकी सवयीची झाली आहे की तिच्यातली रचना आपल्या लक्षात येत नाही. मुलापुढे एकच काळापांढरा चौकोन. निवडायला काही नाही, ठरवायला काही नाही. त्या चौकोनामागे काय ठेवायचं, कोणत्या वर्गाला काय द्यायचं, पुढच्या वर्षी त्यात काय बदलायचं, हे सगळं शिक्षकाच्या हाती. मुलाला साधेपणा मिळाला आणि शिक्षकाला मोकळीक मिळाली, दोन्ही त्याच एका पानावर.

"पण मामा, त्या मुलाला काहीच बदलता येत नाही."

"पोरगं दुसरीत हाय."

"आणि दहावीत गेल्यावर?"

मामा गप्प राहिले, आणि इथे मी माझं म्हणणं पुढे रेटलं, कारण ते मला मनापासून पटलेलं आहे. शेजाऱ्यानं घडवलेली वही मिळणं चांगलं. पण ती शेजाऱ्याचीच राहिली तर? मामांची वही उतरून घेणाऱ्यांपैकी एकाची डाळिंबाची बाग आहे. त्याच्या बागेला छाटणीचा दिवस हे माप पुरं पडत नाही. त्याचं वर्ष बहारापासून चालतं : आंबे, मृग किंवा हस्त. बागेला ताण द्यायचा, पानगळ करायची, मग पहिलं पाणी. आणि मोजणी तिथून. मामांच्या आखणीत त्यानं कितीतरी दिवस छाटणीच्या जागी काहीबाही भरलं होतं, कारण आपल्याला ही जागा बदलता येते हे त्याच्या गावीही नव्हतं. कागदाची वही असूनही नव्हतं. तयार वळण माणसाला चालायला लावतं तसं अडकवूनही ठेवतं. म्हणून सगळ्या सोयी प्रत्येकाच्या हातात असल्याच पाहिजेत, त्यानं त्या वापरल्या नाहीत तरी.

"त्याला कुणी सांगितलं, मग?"

"तुम्हीच सांगितलंत ना."

"मीच. तुझ्या ॲपनं न्हाई सांगितलं."

सरकारी नोंदीतही असाच माणूस माणसाच्या मदतीला आलेला दिसतो. पिकांची नोंद पूर्वी तलाठी गाव नमुना १२ मध्ये करत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्यानं स्वतः, शेतात उभं राहून, फोनवर नोंद करायची असं ठरलं. प्रत्यक्षात वस्तीवरचा एखादा पोरगा दहा घरांची नोंद करून देतो. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद घेण्याची सोय त्यात ठेवली, हा मला त्या रचनेतला शहाणपणा वाटतो. एका फोनमागे एकच माणूस असतो हे शहरातलं गृहीतक. वस्तीवर एका फोनमागे चुलता, आजी, शेजारी उभे असतात.

आणि जिथे असा विचार झाला नाही तिथे काय होतं तेही २०२१ मध्येच दिसलं. अंगणवाड्यांच्या पोषण ट्रॅकर ॲपवर इंग्रजीत माहिती भरायची सक्ती आणि हातात कमी क्षमतेचे फोन, म्हणून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी ते फोन शासनाला परत केले. वर्षानुवर्षं हातानं रजिस्टरं भरणाऱ्या बाया त्या. नोंदी ठेवणं त्यांना जमत नव्हतं असं कोण म्हणेल?

भाषेचा विषय निघाला तेव्हा मामांनी शोध घेऊन पाहिला. त्यांनी 'फवारनी' लिहिलं. नोंदीत 'फवारणी' होतं. काही सापडलं नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगांच्या कितीतरी छटा आहेत, आणि न-णचा, ह्रस्व-दीर्घाचा फरक पोटात घालणारा शोध नाही. मराठी माणसासाठी सोपी वही बनवायची तर पहिलं काम हे होतं. ते यादीत आता सगळ्यात वर आहे, यावर वाद नाही.

वाद उरला तो नमुन्याचा. मामांची बाग निर्यातीसाठी नोंदवलेली असते. युरोपात माल पाठवायचा तर अपेडा या निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट प्रणालीवर, २००६ पासूनच्या पद्धतीनं, बागेची नोंदणी, तपासणी, उर्वरित अंशांची चाचणी आणि फवारणीचा लेखी तपशील लागतो. तिथे लाल गोल चालत नाही. औषधाचं नाव, प्रमाण, तारीख, काढणीपूर्वी किती दिवस सोडले, हे ठरलेल्या रकान्यांत हवं. "हितं तुझी मोकळीक काय कामाची?" मामांनी विचारलं. "मी माझ्या खुणा, त्यो त्याच्या खुणा. तपासणारा काय वाचील?"

त्यांच्या बाजूनं मीच आणखी एक पुरावा दिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा महाकोश चालू आहे. त्यासाठी सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमवल्या गेल्या, कपाटांत ओळीनं लावल्या गेल्या, आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. पिढ्यांमागून पिढ्या लोक तिथे आले, पण चिठ्ठीवर काय कुठे लिहायचं ते ठरलेलं होतं. कोणी आपल्या मर्जीनं मांडणी बदलली असती तर कोश उभाच राहिला नसता. जिथे अनेकांच्या नोंदी एकत्र यायच्या असतात तिथे साचा ठाम हवा.

पण ठाम साच्याचाही धोका असतो आणि द्राक्षवाल्यांनी तो सोसलेला आहे. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले, माल अडकला, बागायतदारांचं आणि निर्यातदारांचं मोठं नुकसान झालं. वेलीची वाढ रोखण्यासाठी ते वापरात होतं; पण आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तेव्हा ते नव्हतंच. यादीत नाव नाही, म्हणून कोणी शोधलं नाही. रकाना नव्हता तिथे नेमकं संकट होतं.

मामांनी यावर काही न बोलता वहीचं एक पान उघडलं. खाली समासात वाकड्या अक्षरात लिहिलं होतं की पूर्वेकडच्या ओळीतल्या एका वेलीला मणी लांब दिसतात. पुढे काही नाही, ती खूण तशीच राहिली. पण मला नान्नजची आठवण झाली. सोनाका ही लांब मण्याची जात थॉमसन सीडलेसच्या बागेतल्या वेगळ्या दिसलेल्या वेलीतून, उत्तर सोलापूरच्या नान्नज गावी, शेतकऱ्याच्या नजरेनं निवडली गेली. असं काही दिसलं की लिहायला कुठल्याही नमुन्यात जागा नसते. ती समासात लागते. मी म्हणाले, "मामा, तपासनिसाला त्याचे रकाने देऊ. ते तुमच्या नोंदीतून आपोआप भरून निघतील. पण तुमच्या पानाचा समास कोणी कापता कामा नये."

"ह्ये पटलं."

मग आम्ही दोघांनी मिळून मांडणी ठरवली, म्हणजे मामा सांगत गेले आणि मी लिहीत गेले. वही उघडली की कोरं पान, त्यावर आजची तारीख, बोलून किंवा लिहून नोंद. दुसरं काही नाही. कोणी मामांची वही घेऊ पाहील तर मामा आपल्या फोनवर एक चौकोन दाखवतील, समोरचा फोन धरील, आणि रकाने, खुणा, छाटणीच्या दिवसांची मोजणी सगळं त्याच्याकडे जाईल. मामांच्या नोंदी मात्र जाणार नाहीत. घेतलेली आखणी कुठल्याही दिवशी सोडून देता येईल आणि सोडली तरी लिहिलेलं एक अक्षर हरवणार नाही. ही शेवटची अट माझी. नवख्याला बदल करायला भीती वाटते ती बटणांची नसते, लिहिलेलं जाईल याची असते. परत फिरण्याची वाट पक्की असेल तर तो आपण होऊन पुढे जातो.

"आणि माझी आखणी मी उद्या सुधारली, तर त्यांच्याकडं सुधारायची का?" मामांनी विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "न्हाई. त्यांचा हात बसलेला असतो. न विचारता हलवायचं न्हाई."

"सगळंच नाही म्हणता येणार नाही. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी दर हंगामाला बदलते. ते ॲनेक्श्चर ५. एखाद्या औषधाचे काढणीपूर्वीचे दिवस वाढले आणि तुमच्या शेजाऱ्याच्या वहीत जुनाच आकडा राहिला तर त्याचा माल परत येईल. ते विचारत बसायचं?"

"त्यो आकडा हाय. आकडा लगेच बदल, आणि बदलला म्हणून मोठ्यानं सांग. पण रकाना जागचा हलवू नगंस. आकडा केंद्राचा, रकाना त्याचा."

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आखणी आणि तिच्यातली माहिती एकाच साच्यात भरून ठेवलेली आहे. एक पाठवलं की दुसरं बरोबर जातं. ती दोन वेगळी करायची तर वरवरची डागडुजी पुरणार नाही, पायाच उकरावा लागेल. सहकाऱ्यांना मी तसं कळवलं आहे. त्यांतल्या काहींना ते एका बागायतदारासाठी फार मोठं काम वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि या हंगामाचा माल निघायच्या आत ते उभं करायचा माझा विचार आहे, कारण तेव्हा मामांकडे वही मागायला माणसं येतात.